काचेतला सुभेदार

पोपटराव पाटलांची पंचाहत्तरी आठ दिवसांवर आली होती, तेव्हा त्यांचा मुलगा विश्वजीत माझ्या स्टुडिओत आला. घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. वडिलांनी सुरू केलं, ते गेल्यावर मी चालवते. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि फ्लेक्सची डिझाइनं यांवर दुकान चालतं. जीव मात्र जुन्या फोटोंत रमतो. पाण्यात भिजलेले, वाळवीने खाल्लेले, घडीवर फाटलेले फोटो लोक आणून देतात आणि मी ते नीट करून देते. पाटलांचं राहू गाव भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात. तिथून कोणी फ्लेक्ससाठी शिरूरला येत नाही. विश्वजीत आला तो एका जुन्या फोटोपायी.

"अनुपमाताई, जपून हां," म्हणत त्याने टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काउंटरवर ठेवली. "आमच्या खापरपणजोबांचा फोटो हाय. सरदार व्हते. मी ओल्या फडक्यानं पुसूनच आणणार व्हतो, पण आप्पा नको म्हणाले."

"बरं झालं नको म्हणाले," मी म्हटलं. टॉवेल उलगडला आणि हात जरा थबकलाच.

तळहाताएवढी चामड्याची डबी होती, पुस्तकासारखी उघडणारी. एक बिजागरी तुटलेली. आत पितळेची नक्षीदार चौकट आणि चौकटीत काचेवर एक माणूस. असा फोटो मी आयुष्यात दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा पुण्यात, एका संग्राहकाच्या घरी. हा कागदावरचा फोटो नव्हे. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि मग काचेला मागून काळा रंग द्यायचा. तो काळा रंग आहे तोवर माणूस दिसतो. तो गेला की उरते दुधाळ सावली. अशा फोटोची दुसरी प्रत नसते. जी काच त्या माणसासमोर होती, तीच काच तुमच्या हातात असते.

या काचेचा मागचा रंग जागोजागी पोपडे धरून सुटला होता. अर्धा चेहरा खाल्ल्यासारखा दिसत होता, एक हात तर नाहीसाच झाला होता. तरी जे उरलं होतं तेवढ्यावरही नजर खिळत होती. खुर्चीत ताठ बसलेला पन्नाशीकडे झुकलेला माणूस. डोक्याला बांधीव पगडी, अंगात गळ्यापर्यंत बंद असलेला काळा कोट, गळ्यात टपोऱ्या मण्यांची माळ, छातीवर एक पदक, कमरेला तलवार. कोटाच्या बटणांना आणि माळेच्या मण्यांना कोणीतरी बारीक ब्रशने सोनेरी रंगाचे ठिपके दिले होते.

"आमचे सरदार डावखुरे व्हते," विश्वजीत अभिमानाने म्हणाला. "बघा, तलवार उजव्या अंगाला हाय."

"तसं नाही हो, असल्या फोटोत सगळं आरशातल्यासारखं उलटं..." मी सांगू लागले, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मंडपवाल्याशी बोलणं उरकून त्याने ऑर्डर सांगितली. बंगल्याच्या गेटवर लावायला आठ फुटी फ्लेक्स. वर 'सरदार घराण्याचा वारसा', मध्ये हा फोटो, खाली आप्पांचा हात जोडलेला फोटो.

"सरदारांचं नाव काय घालायचं?"

"नाव आप्पांना माहीत असंल. तुम्ही फोटो तेवढा क्लिअर करा," म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर करून मी काम काढलं. पातळ सुरीने पितळेची चौकट उचकटली, काच सोडवली आणि टेबलावर काळ्या मखमलीचा तुकडा अंथरून त्यावर अलगद ठेवली. सुटलेल्या रंगाला हात लावायचा नाही, खरवडायचं नाही. मागे नवा अंधार द्यायचा, बस. वडिलांनी पुण्याच्या त्या संग्राहकाकडून ऐकलेली युक्ती मला सांगून ठेवली होती, वापरायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

मखमलीवर काच टेकली आणि तो माणूस उजेडात आला. दुसरा शब्द नाही. खाल्लेला गाल भरून आला, कपाळावरची आठी दिसली, मिशीचे केस सुटे दिसू लागले. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे कितीतरी सेकंद श्वास रोखून बसावं लागे. डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. जुन्या फोटोंतली माणसं म्हणूनच घाबरल्यासारखी, नाहीतर रागावल्यासारखी दिसतात. हा माणूस तसा दिसत नव्हता. कॅमेराच त्याच्यासमोर हजेरीला उभा आहे आणि तो त्याची तपासणी करतोय, अशी ती नजर होती. तिच्यात गुर्मी नव्हती. पुष्कळ माणसं सांभाळलेल्या माणसाची ती नजर होती. मी बराच वेळ नुसती बघत बसले.

मग तो नाहीसा झालेला हात पाहिला. तलवारीच्या मुठीवर टेकवलेला तो हात आता स्वच्छ दिसत होता. त्याची शेवटची दोन बोटं नव्हती. ती लपवण्याचा काही प्रयत्नही नव्हता. उरलेल्या तीन बोटांचा हात त्याने मुठीवर सरळ पुढे ठेवला होता.

आणि काचेच्या खालच्या कडेला, एरवी पितळेच्या चौकटीखाली झाकल्या जाणाऱ्या पट्टीवर, सुईने कोरलेली इंग्रजी अक्षरं होती. भिंगाखाली धरून मी ती तीनदा वाचली. सुबेदार म्हाळनाक. शिरूर. १८५९.

म्हाळनाक. आमच्या भागात हे 'नाक' कशाचं, ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावर अशीच नावं कोरलेली आहेत, महार सैनिकांची. हा माणूस पाटलांचा खापरपणजोबा नव्हता.

खरं सांगते, त्या क्षणी पहिला विचार मनात आला तो चांगला नव्हता. चौकट परत बसवली की अक्षरं झाकली जाणार होती. फ्लेक्स झाला असता, कार्यक्रम झाला असता आणि कोणाला कधी काही कळलं नसतं. पोपटराव सोसायटीचे चेअरमन राहिलेले, पंचक्रोशीत शब्द चालणारा माणूस. त्यांच्या घराण्याचा सरदार काढून घेणारी मी कोण? पण काचेतली ती नजर समोर होती. तिच्यासमोर चौकट बसवायला हात धजेना. मी फोन उचलला आणि विश्वजीतला न करता थेट पोपटरावांना केला. म्हटलं, "आप्पा, फोनवर सांगता येणार नाही. तुम्ही स्वतः या."

ते दुसऱ्याच दिवशी आले. शिरूरच्या मार्केट यार्डात काम होतं म्हणाले, पण आले ते आधी माझ्याकडे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात काठी. मी खुर्ची दिली.

"आप्पा, यांचं नाव तुम्हाला काय सांगितलंय घरच्यांनी?"

"नाव?" त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. "सुभेदार. आमच्यात नुसतं सुभेदारच म्हणत्यात. दसऱ्याला शस्त्रांच्या संगं पूजा करतो आम्ही. हळदीकुंकू वाहतो. पोरं आताशा सरदार म्हणाया लागल्यात."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि अक्षरांवर बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी म्हाराचा," ते म्हणाले. मग स्वतःच सावरून म्हणाले, "म्हंजी आपल्या बौद्ध वस्तीतला."

"हो आप्पा."

त्यांनी भिंग काचेशेजारी ठेवलं. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे पोरी, झाकून टाक. त्यांनी विचारलं, "विश्वजीतला सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला."

"बरं केलंस." काठीवर भार देऊन ते उठले. "आमची चुलती जिती हाय, सारजाकाकू. नव्वदीच्या फुडं गेलीय, पर डोकं साबूत हाय. तिला इचारू. तू चल संगं. ती अक्षरं वाचायला तूच लागशील."

त्यांच्याच गाडीतून निघालो. न्हावरा मागे पडलं, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली आणि गुऱ्हाळांचा गोडसर धूर गाडीत येऊ लागला. डबी माझ्या मांडीवर होती. पोपटराव वाटेत एकच वाक्य बोलले, "पंचाहत्तर वर्सं रोज बघितला मी ह्या माणसाला."

त्यांचा बंगला नवा, दुमजली, टाइल्सचा. सारजाकाकू हॉलमध्ये टीव्हीसमोर बसल्या होत्या. पोपटरावांनी टीव्ही बंद केला, डबी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सरळ विचारलं, "काकू, हा कोण?"

"सुभेदार," त्या म्हणाल्या.

"आपला पूर्वज?"

म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, जणू हा प्रश्न यायला फार उशीर झाला होता. "पूर्वज न्हाई रं. आपला सुभेदार म्हणायचे. आपला म्हंजी गावाचा. फुडच्या पोरांनी त्याचा घराचा केला."

मग त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या आजेसासूने त्यांना सांगितलेलं होतं.

"मोठा दुष्काळ पडला तवाची गोष्ट. हिरीत चिमणीपुरतं पाणी न्हवतं. सुभेदार पलटणीतनं पेन्शन घिऊन गावात आलेला, म्हातारा झालेला. त्यानं गाव गोळा केलं. म्हणाला, हितं बसून मराल. दौंडाच्या फुडं आगगाडीचा भराव चाललाय, तिथं काम हाय, पोटाला हाय. लोक भ्याले. वाटंतच मरू म्हणाले. तवा त्यानं रांग लावली, पलटणीवानी. म्हातारी, पोरं मधी. धडधाकट गडी दोन्ही अंगाला. चाळीस-पन्नास माणूस. पाण्याची पखाल त्याच्या ताब्यात. ज्याला त्याला मापानं पाणी. आधी पोराला, मग बाईला, मग गड्याला, शेवटाला सोता."

"सगळ्या जातींचे लोक होते?" मी विचारलं.

"समदे. एरवी त्याची सावली चालत न्हवती कुणाला. त्या वाटंनं त्याच्या हातचं पाणी पिऊन गेले समदे." काकू पोपटरावांकडे वळल्या. "आपल्या घरची एक सून व्हती त्यात, दिवस भरलेली. वाटंतच बसली. सुभेदारानं रांग थांबवली, बायांना लुगड्याचा आडोसा धराया लावला, आन् सोता पाठ करून उभा ऱ्हायला. एक माणूस फुडं सरकू दिला न्हाई. पोरगं झालं. ते पोरगं म्हंजी तुझा पणजा. माझ्या आजेसासूचा मालक."

पोपटरावांनी हातातली काठी जमिनीवर आडवी ठेवली.

"आन् ही डबी?"

"निघताना थोरल्या पाटलाकडं दिली व्हती. पाटील घर राखायला मागं ऱ्हायला ना. सुभेदार म्हणाला, काच हाय, वाटंत फुटंल. मी आलो की नेतो." काकूंनी डबीवरून हात फिरवला. "पाऊस झाल्यावर गाव परत आलं. दोन माणसं तिथं पटकीनं आजारी व्हती, चालवत न्हवतं त्यांना. त्यांच्यापाशी कोण ऱ्हाणार? सुभेदार ऱ्हायला. त्यातच गेला त्यो."

"त्याची माणसं?"

"सून मुंबईकडं गेली व्हती, नातू घिऊन. लई वर्सांनी आली परत. वस्तीवर ऱ्हायली."

"मग डबी का दिली न्हाई त्यांना?"

"ऱ्हाऊन गेलं."

"ऱ्हाऊन गेलं न्हाई, काकू," पोपटराव म्हणाले. "दिली न्हाई."

तेवढ्यात विश्वजीत आला. झालेलं ऐकून तो लाल झाला. "पत्रिका वाटून झाल्या, आप्पा! त्यात सरदार घराणं छापलंय. पाव्हणे काय म्हणतील? आन् इतक्या वर्सांनी कोण इचारतंय?"

"मी इचारतोय," पोपटराव म्हणाले. "मी हाय तो त्या माणसामुळं. तू बी." आणि मला म्हणाले, "चल पोरी."

वस्ती तिथून अर्धा किलोमीटर. मुंबईहून परतलेल्या त्या सुनेचं घर म्हणजे आताचं भागुबाई ओव्हाळांचं, हे सारजाकाकूंनी निघताना सांगितलं होतं. भागुबाई पंचाहत्तरीच्याच आसपासच्या. ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा महेंद्र कारेगावच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात सुपरवायझर आहे, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. पाटील दारात बघून तो उठून उभा राहिला, पण चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह होतं. खुर्च्या आल्या, पाणी आलं. पोपटराव पाणी प्यायले.

"भागुबाई, तुमच्या घराण्यात कुणी सुभेदार व्हता का?"

"व्हता की." त्यांनी हातातल्या शेंगा सुपात टाकल्या. "पर तुम्ही कशापायी इचारता?"

"काय माहीत हाय तुम्हाला त्याचं?"

"माहीत काय असणार? कागद न्हाई, पत्तर न्हाई. नणंदा जात्यावर म्हणायच्या, तेवढं पाठ हाय." आणि शेंगांचा धुरळा झटकत, गायल्यासारखं नव्हे, आठवल्यासारखं त्या म्हणाल्या:

"सुबेदार माझा आजा, लाल अंगरखा अंगावरी,
डाव्या हाताची दोन बोटं, ठेवून आला किल्ल्यावरी."

मी डबी उघडली, मखमल मागे लावलेली काच त्यांच्या हातात दिली.

भागुबाई बघत राहिल्या. महेंद्र त्यांच्या खांद्यावरून वाकला. कंपनीत दिवसभर चुका शोधायचं त्याचं काम, त्याची नजर आधी तिथेच गेली. "मॅडम, बोटं तुटलीत ती उजव्या हाताची. आणि कोट काळा आहे. ओवीत तर डावा हात म्हणतात, लाल अंगरखा म्हणतात." त्याच्या आवाजात कडवटपणा होता. "कोणाचा तरी फोटो आमच्या गळ्यात नका मारू."

"आरसा आहे का घरात?" मी विचारलं.

त्याने भिंतीवरचा दाढीचा आरसा काढून आणला. मी काच आरशासमोर धरली. "असा फोटो सरळ काचेवरच उमटतो, म्हणून डावं-उजवं उलटं होतं. आता आरशात बघा."

आरशात तलवार डाव्या कमरेला आली, पदक डाव्या छातीवर आलं आणि मुठीवरचा तीन बोटांचा हात डावा झाला.

"आणि कोटाचं म्हणाल, तर त्या रसायनाला लाल रंग दिसतच नसे. लाल कापड फोटोत काळंच येई. हा कोट लालच असणार."

महेंद्रने माझ्या हातातला आरसा स्वतःच्या हातात घेतला आणि आईच्या समोर धरला. बराच वेळ धरून राहिला. भागुबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. त्यांनी फक्त पाठ ताठ केली. काचेतल्या माणसासारखी.

"कुठं व्हता ह्यो?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरात," पोपटराव म्हणाले. मग दुष्काळाची, रांगेची, वाटेत जन्मलेल्या पोराची, ठेवीची आणि दसऱ्याच्या पूजेची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. काही वगळलं नाही. दिली नाही, हेही सांगितलं.

भागुबाई म्हणाल्या, "माझ्या सासूनं तुमच्या अंगणात चाळीस वर्सं धान्य पाखडलं, पाटील. उंबऱ्याच्या आत कवा कुणी येऊ दिलं न्हाई तिला. आन् भिंतीच्या पल्याड ह्यो बसला व्हता."

"व्हय," पोपटराव म्हणाले.

"तुम्ही याला दरसाल कुंकू लावत होता," महेंद्र म्हणाला, "आणि याच्या नातवंडांना शिवूनही घेत नव्हता."

"व्हय," ते पुन्हा म्हणाले. कारण सांगत बसले नाहीत. मला तो माणूस त्या क्षणी आवडला. मग ते म्हणाले, "येत्या रविवारी माझी पंचाहत्तरी हाय. समदा तालुका येणार हाय. समद्यांच्या देखत, स्टेजवर तुमच्या हातात देतो."

भागुबाईंनी मान हलवली. "तुमच्या वाढदिसात आमचा सुभेदार कशाला, आप्पा? त्याचा दिस त्याचा. आमच्या विहारात आणा. दिसाढवळ्या आणा. आन् तुम्ही सोता आणा, गड्याच्या हाती धाडू नका."

"आणतो," पोपटराव म्हणाले.

काच घेऊन मी शिरूरला परतले आणि चार दिवस दुसरं काही काम केलं नाही. काच मोठ्या रिझोल्यूशनने स्कॅन केली, पोपडे गेलेल्या जागा कॉम्प्युटरवर ठिपका ठिपका करून भरल्या आणि फोटो उलटवून सरळ केला. मग कोटाला लाल रंग दिला. भडक नाही, उन्हात थोडा विटलेला, वापरलेल्या कोटाचा लाल. पदक कुठल्या लढाईचं, ते किती झूम करूनही वाचता आलं नाही, म्हणून ते जसं होतं तसंच ठेवलं. अंदाजाने काही घातलं नाही. काचेमागची मखमल पक्की केली आणि चौकट अशी बसवली की खालची अक्षरं उघडी राहतील.

शनिवारी सकाळी दहा वाजता पोपटराव बंगल्यातून निघाले. पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी. मी डबीच्या काळजीने मागोमाग होते. त्यांनी डबी दोन्ही हातांत छातीशी धरली होती, त्यामुळे काठी घेता येत नव्हती. पावलं जपून टाकत होते. गाडी आणतो म्हणणाऱ्या ड्रायव्हरला त्यांनी हातानेच नको म्हटलं. सारजाकाकूंनी हट्ट धरला म्हणून त्यांना व्हीलचेअरवर बसवून आणलं होतं. पाटलांच्या घरच्या तीन-चार बायकाही आल्या. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. विश्वजीत आला नव्हता.

विहारासमोर वस्तीतली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती. घोषणा नव्हत्या, हलगी नव्हती. महेंद्रने दारात पोपटरावांच्या हाताला आधार दिला, पायरी चढवली. आत बुद्धमूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या होत्या. भागुबाई पुढे आल्या. पोपटरावांनी डबी त्यांच्या हातात दिली. बोलायचं पुष्कळ ठरवून आले असावेत, कारण खिशातून कागद काढला, उलगडला, पण वाचला नाही. म्हणाले, "ठेव व्हती. परत द्यायला एवढा उशीर झाला. सुभेदार म्हाळनाकांनी माझ्या पणज्याला जगवलं. त्यांचं नाव आमच्या घरात एवढी वर्सं कुणी घेतलं न्हाई. आज घेतो." आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

सारजाकाकूंनी खुर्चीतूनच हात जोडले. त्यांना आठवत होती तेवढी, रांगेतून जाऊन परत आलेल्या घराण्यांची नावं त्यांनी एकेक करून सांगितली. मराठ्यांची, माळ्यांची, कुंभारांची, रामोशांची. नाव निघालं की गर्दीतला कोणीतरी मान वर करून बघायचा. आपण कोणामुळे आहोत, हे त्या माणसांना त्या सकाळी कळत होतं.

महेंद्र शेवटी दोनच वाक्यं बोलला. "आमच्याकडे याची पूजा होणार नाही. याचं नाव शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ असेल."

पंचाहत्तरीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी झाला. गेटवर फ्लेक्स नव्हता. पाहुण्यांत कुजबुज झाली, दोघे-तिघे जेवण न करता गेले, असं मी ऐकलं. विश्वजीत वडिलांशी महिनाभर नीट बोलत नव्हता. पण दोन महिन्यांनी तोच माझ्याकडे आला, इकडचं तिकडचं बोलला आणि निघताना म्हणाला, "ताई, त्या लाल कोटातला एक फोटो आम्हाला बी पायजे. हॉलात लावायला. खाली नाव नीट घाला." मी त्याला एक काढून दिला. महेंद्रने मुंबईच्या अभिलेखागाराला पत्र पाठवलं आहे, किल्ला कोणता आणि पदक कशाचं ते शोधायला. अजून उत्तर आलेलं नाही. तो दर पंधरा दिवसांनी आठवणपत्र पाठवतो.

मागच्या आठवड्यात भागुबाई एसटीने घोडनदीला आल्या. एकट्याच. नवं निळ्या काठाचं लुगडं नेसलेल्या. मी चहा मागवला तर म्हणाल्या, "चहा मागनं. आधी माझा फोटो काढ. मोठा काढ."

"कशाला हवाय, आजी? आधार कार्डाला?"

"आधाराला कशाला? घरात लावाया."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, लाइट लावले. "हसा थोडं," मी म्हटलं.

"हसायचं न्हाई मला," त्या म्हणाल्या. हात मांडीवर ठेवून, सरळ कॅमेऱ्यात बघत त्या बसल्या. मी बटण दाबलं.